निळा खडू

११ सप्टेंबर

आज परत खाल्ला. अर्धा. निळा, चपटा — कापडावर रेघा मारायचा. दुपारपर्यंत कळ काढली होती, पण शेजारी इस्त्रीची वाफ सुटली, खडू दमट झाला, आणि ओल्या मातीसारखा वास आला त्याला. मग कसली कळ नि कसलं काय. पॅटर्नच्या पुठ्ठ्याआड तोंड करून कडकन तोडला. दाताखाली करकर झाली तेव्हा कुठं जीव थाऱ्यावर आला.

चाळिशी आली आणि खडू खातेय. कुणाला सांगायची सोय नाही. म्हणून इथं लिहायचं, मापांच्या जुन्या वहीत, मागच्या पानापासून. ही वही आता माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

कारखान्यात कटिंग मास्तर दर सोमवारी तीन खडू हातात ठेवतात. माझे बुधवारीच संपतात. आज म्हणाले, "बाई, कापडावर रेघा मारता की रस्त्यावर?" सगळे हसले. मीही हसले, पण तोंड मिटून. दात निळे असतील या भीतीनं.

१४ सप्टेंबर

चार मजले. लिफ्टला कुलूप. नवरा लिफ्ट मेकॅनिक — शहरभर लोकांच्या लिफ्ट चालू करत हिंडतो, आणि आमची दोन वर्षं बंद. "मालकानं किल्ली दिली तर करीन ना," म्हणतो. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

पूर्वी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन एका दमात चढायचे. आता दुसऱ्या मजल्यावर बसते. तिसऱ्यावर परत. छातीत अशी धडधड की कानात ऐकू येते. लेक शाळेतून येते त्याच वेळेला मी कामावरून, तर तीही येऊन शेजारी बसते. दप्तर मांडीवर घेऊन, गप्प. तेरा वर्षांची आहे, पण आईला सोबत करायचं कळतं तिला. गुणी पोर.

फक्त भारी संथ! चालणं संथ, उठणं संथ, वेणी घालायला पाऊण तास. मीच नाव ठेवलं — गोगलगाय. आता घरात सगळे गोगीच म्हणतात. ती पण ओ देते.

१५ सप्टेंबर

फ्रिजमधला बर्फाचा ट्रे रिकामा. सासूबाई म्हणाल्या, "उंदीर काही बर्फ खात नाहीत, सूनबाई." मी दोनच खडे खाल्ले होते. दोनच ना? आजकाल माझं मलाच आठवत नाही.

१९ सप्टेंबर

जिन्यात खालच्या मजल्यावरची शेजारीण भेटली. "काय गं, उजळलीस! काय लावतेस?" काही लावत नाही म्हटलं. "लेकही तुझ्यावरच जातेय हो. दोघी कशा कागदासारख्या गोऱ्या."

खोटं कशाला बोलू — बरं वाटलं. लहानपणी मला काळी म्हणून कुणी मांडीवर घेत नसे. घरात येऊन आरशात नीट पाहिलं. ओठ कुठं संपतात आणि चेहरा कुठं सुरू होतो ते कळेना.

२४ सप्टेंबर

पाळीचा तिसरा दिवस. कारखान्यात बाथरूमला जायचं तर मास्तरांच्या टेबलावरचा लाकडी बिल्ला घेऊन जायचं. बिल्ला एक, बायका सोळा. मला दर तासाला लागतो. आज बिल्ला जागेवर नव्हता तेव्हा वीस मिनिटं पाय जुळवून उभी राहिले. दोन पॅड एकावर एक, अंगात काळेच कपडे. खुर्चीवर बसत नाही, न जाणो मागं डाग राहायचा.

आठ दिवस चालतं हे. आमच्याकडे असंच. आईचं असंच, मावशीचं असंच. "अंगात रग आहे आमच्या पोरींच्या," असं आई कौतुकानं सांगायची. गोगीचं सुरू होऊन वर्ष झालं. तिलाही भरपूर जातं. माझीच लेक.

३० सप्टेंबर

आज थोडक्यात वाचले.

कापडाचे साठ थर होते टेबलावर, शाळेच्या गणवेशाचे. वर बाहीचा पॅटर्न. पात्याचं मशीन हातात — वीतभर पातं, सरळ खाली-वर चालतं, साठ थर लोण्यासारखे कापतं. डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा घालायचा असतो. कुणीच घालत नाही. त्यानं बोटांना कापड कळत नाही, आणि मोजा घातला की बाकीचे म्हणतात, नवशिकी दिसतेय.

बाहीच्या वळणावर डोळ्यांपुढं अंधारी आली. किती वेळ ते माहीत नाही. मशीन चालूच. दिसायला लागलं तेव्हा पातं रेघ सोडून दोन बोटं आत घुसलेलं, आणि त्याच्या पुढ्यात माझा अंगठा. नखाएवढी जागा राहिली होती मधे.

साठ बाह्या वाया. मास्तरांनी वरची बाही उचलून पाहिली. मग म्हणाले, "झोप झाली नाही का?" मी हो म्हटलं. खरं सांगितलं तर टेबलावरून काढतील आणि कोपऱ्यात धागे कातरायला बसवतील. अकरा वर्षं लागली मला या टेबलापाशी यायला. तेव्हा बाईच्या हातात पातं देत नव्हते. आता मीच कसं परत करू?

१ ऑक्टोबर

मोजा घातला. सगळ्यांनी पाहिलं. कुणी काही म्हणालं नाही.

५ ऑक्टोबर

बटणवालीनं दवाखान्यात नेलं. नेलं कसलं, ओढलंच. माझ्या पलीकडच्या मशीनवर बटणं लावते ती, जीभ पात्यापेक्षा धारदार. तिनं मला खडू तोडताना पकडलं. मला वाटलं, झालं, आता कारखानाभर डांगोरा पिटणार. ती हळूच म्हणाली, "माझी बहीण कच्चे तांदूळ खायची. मूठ-मूठ. आम्ही हसायचो. बाळंतपणात गेली. अंगात रक्तच नव्हतं."

जेवणाच्या सुट्टीत गेलो, डबा न खाता. डॉक्टरीणबाईंनी खालची पापणी ओढून पाहिली. मग जीभ. मग नखं. म्हणाल्या, "बघा, यात पाण्याचा थेंब राहील." आणि खरंच बोट बुडवून थेंब ठेवला. राहिला! नख मधे खोल गेलंय आणि कडा वर आल्यात, हे मी रोज हात धुताना कधी पाहिलंच नव्हतं. घोट्यावर अंगठा दाबला तर खड्डा पडला, आणि तो भरून यायला किती वेळ लागला.

"अरबट-चरबट काही खावंसं वाटतं?" बटणवालीनं कोपर मारलं. सांगितलं एकदाचं. जमिनीकडं बघत. त्या म्हणाल्या, "बर्फ पण?" — जणू माझ्या फ्रिजमध्ये डोकावून आल्या होत्या. हे लक्षण आहे म्हणे. वेड नाही. अंगातलं लोह संपलं की होतं असं काहींना. मला तिथंच रडू फुटलं. इतके महिने मला वाटत होतं, माझं डोकं फिरत चाललंय.

रक्त काढलं. मग विचारलं, पाळी किती दिवस, किती जातं? कंपाउंडर दारात उभा होता, हातात नळ्या घेऊन. मी म्हटलं, "नेहमीसारखंच."

खोटं कुठं होतं? माझं नेहमीच तसं असतं.

७ ऑक्टोबर

हिमोग्लोबिन सहा पॉइंट दोन. बाईच्या अंगात बारा तरी हवं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही चालत आलात कशा?" मग कारखान्यातल्या बाईला कारखान्याच्या भाषेत समजावलं. रक्तातले माल वाहणारे निम्मे झाले, पण ऑर्डर तेवढीच. मग हृदयाला दोन-दोन पाळ्या कराव्या लागतात. करतं बिचारं, तक्रार न करता. आणि एक दिवस खाली बसतं. "हा थकवा नाहीये बाई. यानं माणूस मरतो." असं तोंडावर.

रक्त चढवायला दाखल व्हा म्हणाल्या. मी हात जोडले. गणवेशांची ऑर्डर महिनाअखेरीची आहे, आत्ता टेबल सोडलं तर ते परत मिळणार नाही. त्या चिडल्या. गोळ्या लिहिल्या, आणि एक छापील कागद दिला, वर पेनानं माझं नाव घालून. कागदावर सगळी लक्षणं. जिना चढताना धाप. धडधड. फिकट ओठ. पाय दुखणं. कामात-अभ्यासात लक्ष नसणं, जांभया, चिडचिड. बर्फ, माती, खडू खावासा वाटणं. जवळजवळ प्रत्येक ओळीपुढं त्यांनी बरोबरची खूण केली. शाळेत कधी माझे इतके बरोबर आले नव्हते.

कागद मास्तरांना दाखवायचा नाही. घरी तर नाहीच. या वहीत घडी करून ठेवलाय.

१२ ऑक्टोबर

गोळी रोज एक. घरी घेतली तर सासूबाई विचारणार, कसली गोळी? म्हणून कारखान्यात, साडेदहाच्या चहाबरोबर. तेवढीच दहा मिनिटं बसायला मिळतं. कडक चहानं घशाखाली पटकन उतरते.

१७ ऑक्टोबर

शौचाला काळंकुट्ट! पोटातून रक्त जातंय असंच वाटलं. दोन दिवस गोळी बंद केली. आज बटणवालीनं डॉक्टरीणबाईंना फोन लावून दिला. हसल्या. गोळीतल्या लोहाचा रंग आहे तो म्हणे, न घाबरता चालू ठेवा. बटणवाली म्हणाली, "आता तू पक्की लोखंडी बाई झालीस."

२० ऑक्टोबर

गोगीच्या वर्गशिक्षिकेची चिठ्ठी आली. खेळाच्या तासाला बाजूला बसते. वर्गात जांभया देते. लक्ष नसतं. घरी समज द्यावी.

दिली. चांगली फाडफाड दिली. मी या अंगानं आठ तास उभी राहते आणि तुला मैदानावर पळवत नाही? ती ऐकत होती, नखानं टेबल खरवडत. मग म्हणाली, "आई, पाय दुखतात." मी म्हटलं, "माझे नाही दुखत?" आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं." ती आत गेली आणि दिवसाउजेडी झोपली.

मागाहून वाईट वाटलं. चिडचिड कागदावर आहे, माझ्या नावानं खूण केलेली. पण पोरीला काय माहीत.

२९ ऑक्टोबर

सुट्टीच्या दिवशीही बोलावलं कामाला. खाली टेबल वाट बघतं, वर घर वाट बघतं, आणि मी मधे पायरीवर. कधी कधी वाटतं, माझा खरा पत्ता दुसरा मजलाच.

६ नोव्हेंबर

पाच पॉइंट नऊ. महिनाभर गोळ्या गिळून उतरलंय!

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?" मी म्हटलं, चहाबरोबर. त्यांनी पेन खाली ठेवलं. चहा लोहाला धरून ठेवतो, अंगाला लागू देत नाही. निदान दोन तास लांब ठेवायचा. म्हणजे महिनाभर मी एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय!

"पण नुसत्या चहानं हे एवढं उतरत नाही. रक्त जातंय कुठंतरी. खरं सांगा." कंपाउंडर दारातच. तोंड उघडलं आणि मिटलं. दाखल व्हा, आजच, असं त्या बोलत होत्या, आणि मी उद्या येते म्हणून उठून आले. एका परक्या माणसासमोर चार शब्द बोलता येईनात मला. साठ थर कापते आणि चार शब्द जड होतात.

९ नोव्हेंबर

हे दवाखान्याच्या कॉटवर लिहितेय. डाव्या हातात सुई आहे.

७ तारखेला तिसऱ्या मजल्यावर पडले. पायरीची कड कपाळाला लागली. गोगी शेजारीच होती. ती ओरडत वर गेली आणि सासूबाई अनवाणी खाली आल्या, गुडघे धरत. माझी पिशवी उपडी झाली होती. त्यातून खडू पडला, दातांच्या खुणांचा. त्यांनी उचलला. बघत राहिल्या.

माझ्या मनात आलं, आता निघणार सगळं — सुनेचं खूळ, माहेरचा उद्धार. गोगी पाणी आणायला गेली तशा त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "मी भिंत खायचे. पलंगामागची. नखानं खरवडून. तुझा नवरा पोटात होता तेव्हा. सासूनं पाहिलं आणि चार दिवस हात बांधून ठेवले." मग खडू कनवटीला लावला आणि म्हणाल्या, "चल. मला कुणी नेलं नव्हतं."

नवऱ्यानं पाठीवर घेऊन तीन मजले उतरवलं. सारखा "पडशील, घट्ट धर" म्हणत होता, आणि मान ओली झाली होती त्याची. दवाखान्यात सासूबाई कंपाउंडरला म्हणाल्या, "तू जरा बाहेर हो रे, आम्हा बायकांचं बोलणं आहे." तो गेला! इतकं सोपं होतं ते. मग मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "आठ दिवस जातं हिला. गाठी पडतात. एका घरात राहतो, मला दिसत नाही का?"

इतकी वर्षं दिसत होतं. बोलत नव्हत्या. मीही नव्हते बोलत. कुणावर रागवायचं?

१० नोव्हेंबर

रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. कुणाचं रक्त कोण जाणे. भलं होवो त्याचं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली, लिंबाएवढी. आधी औषध, नाही ऐकलं तर काढायची. "दर महिन्याला तुम्ही टाकी रिकामी करत होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि तुमच्याकडे असंच असतं हे मला सांगू नका. तुमच्याकडे सगळ्याच आजारी होत्या."

आई सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली. झोपेत. हृदय थांबलं म्हणाले. फार दमायची. रग आहे म्हणायची.

१९ नोव्हेंबर

कामावर परत. मास्तरांना सगळं सांगितलं, कागदासकट. धागे कातरायची तयारी ठेवूनच गेले होते. ते कागद दोनदा वाचून म्हणाले, "त्या दिवशी अंगठा गेला असता तुमचा. मी पाहिलं होतं." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की उद्यापासून प्रत्येकानं मोजा घालायचा, आणि बिल्ला त्यांनी खणात टाकून दिला. टेबल माझंच आहे. पंधरा दिवस पातं नाही, नुसत्या रेघा मारायच्या.

२४ नोव्हेंबर

नऊ पॉइंट एक. सलाइनमधून लोह दिलं त्याचा गुण. खडूचा वास येतो पण तोंडाला पाणी सुटत नाही. शनिवारी दीड खडू उरला! मास्तरांना परत केला तर म्हणाले, "रस्ते रंगवणं बंद वाटतं."

बर्फाचा ट्रे मात्र परत रिकामा. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "आई, शपथेवर सांगते, मी नाही." त्यांना पटलं नाही.

२९ नोव्हेंबर

तीन मजले न बसता चढले! तिसऱ्यावर कठड्याला धरून उभी राहिले, पण बसले नाही. धडधड नाही, अंधारी नाही. मागं वळून बघते तर गोगी दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसलेली, दप्तर मांडीवर घेऊन. "चल गं, आता मी बरी झाले, आता कशाला सोबत!" म्हणून हाक मारली. तिनं हात वर केला, थांब म्हणून. सवयच लागलीय पोरीला बसायची.

१ डिसेंबर

गोगीचं अंथरूण झटकताना उशीच्या अभ्र्यातून खडू पडला. पांढरा. गोल. माझे चपटे आणि निळे असतात. हा शाळेतला. एका टोकाला बारीक दातांच्या खुणा.

कागद काढून परत वाचला. वरचं नाव सोडलं तर सगळा तिचा आहे.